न्यायमूर्तींनी उतरवलेला माणूस

डेपोत त्याला सगळे न्यायमूर्ती म्हणत. खऱ्या नावानं हाक मारली असती तर त्यानं मान वळवली असती की नाही, शंकाच आहे. कँटीनमध्ये पाळीवरून दोन ड्रायव्हर हमरीतुमरीवर आले की निवाडा याच्याकडे. चहाचा पेला बाजूला सारून, दोघांचं ऐकून हा निकाल द्यायचा आणि दोघंही तो मुकाट्यानं मानायचे. बस चालवता चालवता केस पिकले होते, पण माणूस सरळ अशी ख्याती होती.

हा सरळपणा आला कुठून, ते त्यानं डेपोतल्या प्रत्येकाला ऐकवलेलं होतं. लहानपणी त्याची आई ऑफिसांच्या फरश्या पुसायची. एकदा तिचा बसचा पास बादलीत पडला आणि त्यावरची अक्षरं पुसली गेली. ड्रायव्हरनं तिला भरल्या गाडीत वाट्टेल ते बोलून पोरासकट खाली उतरवलं. मायलेक घरापर्यंत पायी गेले. "तेव्हाच ठरवलं," तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "ड्रायव्हर होईन आणि माझ्या गाडीतून गरिबाला कधी उतरवणार नाही!" ऐकणाऱ्यांना गोष्ट पाठ झाली होती. मध्येच कुणी घड्याळाकडे बघितलं तर हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, म्हणून बिचारे बघायचेही नाहीत.

एक दिवस डेपोच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या होत्या. त्यांनी म्हणे शहरभरच्या बसमध्ये मुद्दाम बंद पडलेलं कार्ड देऊन प्रवासी पाठवला होता. कार्ड मशीनला लावलं की लाल दिवा. अशा वेळी माणसाला चढू द्यायचं की उतरवायचं, हे नियमानं ड्रायव्हरच्या मर्जीवर सोडलेलं. "कायदा जिथं मर्जीवर सोडतो तिथं माणसाचं मन काय करतं, ते आम्हाला बघायचं होतं," बाई म्हणाल्या. "निष्कर्ष दाखवण्याआधी कुणाला काही बोलायचंय?"

झालं! एवढं निमित्त पुरे होतं. न्यायमूर्ती उठले. बादली, पास, पायपीट, सगळं आलं, आणि नेमक्या जागी आवाजही कापरा झाला. टाळ्या पडल्या. साहेब तर इतके खूश, की तिथल्या तिथं म्हणाले, "सोमवारपासून नवीन ड्रायव्हरांना वागणुकीचे धडे तुम्हीच द्यायचे. हीच गोष्ट सांगा." कितीतरी वर्षं तो या कामावर डोळा ठेवून होता. छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटायचीच बाकी राहिली.

मग बाईंनी पडद्यावर निष्कर्ष दाखवले. इस्त्रीच्या कपड्यातल्या प्रवाशाला जवळजवळ सगळ्यांनी बसू दिलं होतं. मळक्या कपड्यातल्याला निम्म्याहून जास्त जणांनी उतरवलं होतं. हॉलमध्ये चुळबुळ झाली.

"दुसऱ्या डेपोतले असणार," न्यायमूर्ती शेजाऱ्याच्या कानाशी लागले. "लाज कशी वाटत नाही रे लोकांना!"

"आणि गंमत म्हणजे," बाई म्हणाल्या, "दोन्ही वेळा माणूस एकच होता. सकाळी चांगल्या कपड्यांत, दुपारी जुन्यापुराण्यांत. काहींच्या गाडीत तर एकाच दिवशी दोनदा चढला. ओळखलं कुणीच नाही." त्यांनी प्रोजेक्टरपाशी बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. त्यानं संकोचून हात वर केला. हाताच्या अंगठ्याला नख नव्हतं.

न्यायमूर्तींच्या पायाखालची जमीन सरकली.

ड्रायव्हर दिवसभर चेहरे थोडेच बघतो? त्याला दिसतात ते मशीनपाशी येणारे हात. हा अंगठा त्यानं पाहिला होता. सकाळी पांढऱ्याशुभ्र बाहीतून पुढे आला होता. "अरेरे साहेब, अंगठा दारात सापडला वाटतं? बसा, बसा. मशीनच मेलं रुसलंय," असं म्हणून, साहेब नीट टेकेपर्यंत त्यानं गाडीसुद्धा हलवली नव्हती. आणि दुपारी? तोच अंगठा, पण उसवलेल्या बाहीतून. "ए, हात काढ! रोजचे धंदे तुमचे. चल, उतर खाली." माणूस उतरला होता. पुढच्या सिग्नलपर्यंत न्यायमूर्ती ते विसरूनही गेले होते.

सगळे चहाला उठल्यावर तो त्या माणसापाशी गेला. माफी मागायची होती. "चहा घेतलात का?" एवढंच तोंडातून आलं.

"घेतला. आणि काका, काळजी करू नका," तो माणूस हळूच म्हणाला. "आम्ही कुणाचंच नाव सांगत नाही."

न्यायमूर्तींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

घरी बातमी आधीच पोचली होती. आई पलंगावर बसून फोनवर बहिणीला सांगत होती, "माझ्या लेकाला मास्तर केलंय! माझीच गोष्ट शिकवणार आहे पोरांना!" तिनं फोन ठेवला तसा तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला. मान वर करायची हिंमत नव्हती. अडखळत, दोनदा थांबत, त्यानं सगळं सांगितलं. "मला लाज वाटते, आई. टाळ्या वाजत होत्या तेव्हा तो तिथंच बसला होता गं. सगळं ऐकत होता." आत बायकोच्या भांड्यांचा आवाजही थांबला.

आईनं फोन उशीखाली सरकवला.

"उतरवलंस तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघितलंस का रे?"

"नाही."

"त्या ड्रायव्हरनंही नव्हतं बघितलं माझ्याकडे." तिनं गुडघ्यावरची चादर नीट केली. "सोमवारी माझी गोष्ट सांगू नकोस. ती माझी आहे. तू तुझी सांग."

"आई, डेपोत तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"नाही उरणार," ती म्हणाली. "जेवून घे."

सोमवारी वर्ग भरला. नवे ड्रायव्हर पुढं, मोठे साहेब मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून. न्यायमूर्ती उभे राहिले. हात सवयीनं छातीवर गेला.

"माझ्या आईला एकदा..." त्यानं सुरुवात केली आणि थांबला. साहेबांनी मान डोलावली, पुढचं त्यांना पाठ होतं.

त्यानं छातीवरचा हात खाली घेतला.

"मी एका माणसाला माझ्या गाडीतून उतरवलं," तो म्हणाला, "आणि त्याच्या तोंडाकडे बघितलंही नाही."