आत्येच्या भज्यांच्या दुकानाची मांडणी

दुकानाची आतली मांडणी कशी करू नये, हे अख्ख्या मालवणात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही.

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता, तेव्हाची गोष्ट. माझ्या विधवा आत्येने एसटी स्टँडजवळ भज्यांचं दुकान काढायचं ठरवलं. थोरले काका भडकले.

"आमच्या घरातली बाई बाजारात बसान भजी तळतली?"

"दादा, नाक तुजा, पण पोट माजा आसा!" आत्येने आपल्या भावाला सुनावलं. विषय संपला.

जागा म्हणजे न्हाव्याच्या दुकानाला चिकटलेला कोनाडा. (कपाट म्हटलं तर कपाटाला राग येईल!) आतली रचना मी करणार, असं मीच जाहीर केलं. चूल उजवीकडे, पीठ डावीकडे, आत्या मधोमध. गिऱ्हाइकाने बाहेरून पुडा घ्यावा आणि बस पकडावी!

पहिल्या दिवशी आत्या चुलीपाशी बसली आणि मी समोरची बाजू ठोकून घेतली. खाली पत्रा, वर फळ्या, मध्ये पुडा जाईल एवढीच खिडकी. लांब उभा राहून मी कौतुकाने पाहत होतो, तोच आतून आवाज आला.

"झिला, सगळा बरा झाला. पण माका भायर येवची वाट खंय आसा?"

दार मी ठेवलंच नव्हतं!

नेमके तेव्हाच काका हजर. "काय गो, अडाकलंस मा?"

"माका भायर येवचाच नाय!" आत्या कडाडली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू रे मेल्या, बघतंस काय? कांदे दी हकडे!"

ती तळत सुटली. कोंडलेली बाई बघायला अर्धं बंदर लोटलं आणि येईल तो पुडा घेऊनच गेला. दुपारी पीठ संपलं. मी पहार उचलली.

"फळी काढू नको! दादा समोर उभो आसलो तर?"

मग न्हाव्याला हातापाया पडून मी मधली फळ्यांची भिंत फोडली. पिठाने माखलेली आत्या पलीकडे अवतरली, ती थेट खुर्चीसमोर! खुर्चीत, तोंडाला साबण फासून, काकाच बसले होते. ती बाहेर यायची वाट बघून कंटाळले होते बिचारे!

आत्येने शेवटचा पुडा त्यांच्यापुढे धरला. "खा."

काकांनी एक भजं साबणासकट खाल्लं. मग ओठ पुसून दुसरं घेतलं. "मीठ जरा कमी आसा," एवढंच म्हणाले.

दुकान पुढे बरीच वर्षं जोरात चाललं. मलाही आत्येने त्यात कायमचं काम दिलं: कांदे चिरायचं, तेही रस्त्यावर बसून!