भावजयीची साइट

आमच्या ग्रेमदा रस्त्यावर राफिकाला ओळखत नाही असं कुणी नाही. मुलींच्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची. किडा कुठल्या गणातला, पान कुठल्या कुळातलं हे सांगता सांगता तिला सवयच लागली होती. लग्नाला गेली तरी पाहुण्यांची मनातल्या मनात वर्गवारी करून यायची: नवऱ्याकडचे, नवरीकडचे आणि नुसते जेवायला आलेले. तिसऱ्या वर्गात ती मलाही घालायची, आणि तेही तोंडावर सांगून.

माझं पब्लिनेट तिच्या घराला लागूनच होतं. त्या काळी ट्युनिशियातल्या आमच्या आख्ख्या स्फाक्स शहरात इंटरनेट असणारी घरं मोजकीच, बाकीची जनता माझ्यासारख्यांच्या दुकानात येऊन कॉम्प्युटरसमोर बसायची. पोरं प्रेमपत्रं लिहायला यायची, बाप्ये फ्रान्सच्या व्हिसाचे नियम वाचायला. राफिका यायची ती वेबसाइट्स निवडायला. शाळा सुटली की खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर ती बसलीच म्हणून समजा, आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं असलं तर तिच्या नुसत्या बघण्याने ते उठायचं.

एक मोठी डिरेक्टरी होती, जगभरातल्या वेबसाइट्सची. आधी विषय, विषयात शाखा, शाखेत उपशाखा, आणि प्रत्येक शाखेला एक संपादक. पगार नाही, मान नाही, कुणी चहासुद्धा पाजत नाही. राफिकाकडे फ्रेंच विभागातली ‘ट्युनिशियाचा स्वयंपाक’ ही शाखा होती. ती मिळवायला तिने नमुन्यादाखल तीन साइट्सची वर्णनं लिहून पाठवली, तर पहिल्यांदा अर्ज परत आला. कूसकूसच्या एका साइटला तिने ‘अप्रतिम’ म्हटलं होतं. जेरोम नावाच्या कॅनडातल्या वरच्या संपादकाने कळवलं, ‘अप्रतिम आहे की नाही ते वाचणारा ठरवेल. तुम्ही काय आहे तेवढंच सांगा.’ राफिका आधी फणफणली, मग तिला ते इतकं पटलं की घरातली विशेषणंही बंद झाली. नवऱ्याने, मुन्सिफने, नवा कोट घालून विचारलं, “कसा दिसतो?” तर म्हणाली, “तपकिरी.”

पण काम बाकी ती झकास करायची, हे मान्य केलं पाहिजे. एखाद्या बाईचं पाककृतींचं पान सापडलं की तळापर्यंत जायची, तिथे तिने आपल्या मैत्रिणींच्या पानांचे पत्ते दिलेले असायचे, तिथून पुढच्या मैत्रिणीकडे. हरिसाच्या, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीच्या डब्यावर बारीक अक्षरात छापलेला पत्तासुद्धा ती सोडायची नाही. शिवाय लोक आपणहून साइट्स पाठवायचे, त्यांची रांग वेगळीच. प्रत्येक साइट उघडायची, आतपर्यंत वाचायची, एका ओळीत वर्णन लिहायचं आणि एकाच जागी ठेवायची. पाककृतींचा बुरखा घालून मसाले विकणारा आला की त्याची रवानगी दुकानांत. दुसऱ्याचं चोरून लावलेलं असलं की सरळ बाहेर. एकदा एक तेलगिरणीवाला माझ्या दुकानात तेलाचा डबा घेऊनच आला. राफिका मान न वळवता म्हणाली, “तुमची गिरणी व्यापारात जाईल, स्वयंपाकात नाही. आणि डबा लवकर उचला, माझा नवरा आला तर ठेवून घेईल.”

पानाच्या तळाशी संपादक म्हणून तिचं नाव यायचं. ते बघायला तिने आख्ख्या खानदानाला एकेक करून माझ्याकडे आणलं होतं. आईला, हाज्जा मनानाला, तर हाताला धरून आणलं. हाज्जाला वाचता येत नव्हतं. ती पडद्याकडे बघून म्हणाली, “छान. आणि यात जेवण कुठे आहे?”

तर अशी ही राफिका एरवी नाकाने कांदे सोलायची, पण तिची दुखरी जागा मला ठाऊक होती. ती म्हणजे तिची भावजय नाईला.

नाईला तिच्या धाकट्या भावाची बायको. माहेर गफ्साचं, म्हणजे पार आत, वाळवंटाच्या तोंडाशी. लग्नाआधी तिने ताजा मासा पाहिला नसेल, असं राफिका म्हणायची. आम्ही स्फाक्सचे लोक बाहेरच्यांना लवकर आपलं म्हणत नाही, आणि राफिका तर अजिबातच नाही. पण ही गफ्साची पोर हाज्जाच्या घरात राहिली, हाज्जाच्या चुलीशी उभी राहिली, आणि हाज्जाचे हात थरथरायला लागले तेव्हा पळी आपसूक तिच्या हातात आली. पुढे हाज्जा उठता-बसता ‘नाईला, नाईला’ करायला लागली. राफिका माहेरून परत आली की माझ्या दुकानात येऊन धुसफुसायची. “आयत्या बिळावर नागोबा आहे नुसती! उम्मीला पाणी हवं असलं तरी माझ्याकडे मागत नाही आता.”

“अगं, तू चार रस्ते ओलांडून राहतेस. ती तहानेने मरेल तोवर.”

“तू गप बस, जलीला. तुला भाऊ नाही, तुला काय कळणार.”

आणि मग नाईलाने साइट काढली. नाव ‘हाज्जाचं स्वयंपाकघर’. फ्रान्समध्ये राहणाऱ्या आमच्या बायका ती वाचून डोळे पुसायच्या म्हणे. घरात कुणी जमलं की साइटचंच कौतुक. राफिकाच्या डिरेक्टरीचं नावही कुणी काढेना. रमजान सुरू व्हायच्या सुमाराला ती साइट राफिकाच्या रांगेत येऊन उभी राहिली. नाईलाने स्वतः पाठवली होती, खाली लिहिलं होतं, ‘प्रिय संपादकांस सादर’.

“बघ,” राफिका म्हणाली, “बघ कशी नम्र झालीय.”

“मग घे ना आत.”

“रांग आहे.”

रांग कसली! नंतर आलेल्या साइट्स पुढे गेल्या आणि नाईला तिथेच. राफिका माहेरी इफ्तारला गेली की नाईला अदबीने विचारायची, “लल्ला राफिका, माझं कधी लागणार हो?” आणि राफिका सूपमध्ये लिंबू पिळत म्हणायची, “नातेवाइकांचं असलं की जास्त काळजीपूर्वक बघावं लागतं. लोक काय म्हणतील!” हा नियम खरा होता. नियम नेहमी खरेच असायचे, तीच तर खोच होती.

शेवटी एका दुपारी तिने ती साइट उघडली, पहिलं पान पाहिलं आणि थांबली. पहिल्या पानावर नाईलाचा, मुलांचा, मांजरीचा फोटो, आणि ‘मी गफ्साची, आता स्फाक्सची’ असं काहीबाही लिहिलेलं. राफिकाच्या चेहऱ्यावर जी चमक आली ना, ती मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

“ही तर वैयक्तिक पानं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे बाईचा फोटो, मांजरीचा फोटो. जागा तीच.” आणि तिने नाईलाला उचलून ‘वैयक्तिक पानं, ट्युनिशिया’ या शाखेत नेऊन ठेवलं. तिथे एक टपाल तिकिटं जमवणारा आणि एक कबुतरं पाळणारा, एवढेच शेजारी. त्या शाखेत कुत्रंसुद्धा फिरकत नसे. वर्णन लिहिलं, ‘एका गृहिणीची माहिती आणि छायाचित्रं.’ एकही शब्द खोटा नाही.

नाईला काही रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने कुणाकुणाला विचारून थेट वर पत्र धाडलं. जेरोमचं राफिकाला उत्तर आलं, नेहमीसारखं थंड आणि सभ्य. साइट कुणाची यावरून नव्हे, तर तीत काय आहे यावरून जागा ठरते, हे आपण जाणताच. कृपया पूर्ण वाचून पुन्हा विचार करावा.

पूर्ण वाचून! राफिकाचा चेहरा पडला. नव्या संपादकांना ती हेच सुनवायची, की दारातून घर बघणाऱ्यांनी हे काम करू नये. आणि स्वतः नाईलाच्या उंबऱ्यावरून परत फिरली होती. जळफळाटात एवढं साधं भान राहिलं नव्हतं. जेरोमला कळलं याची लाज तिला जास्त वाटत होती की नाईला जिंकली याचा राग, हे मला आजही सांगता येणार नाही.

“वाचते,” ती म्हणाली. “काय असणार आहे त्यात? ब्रिकच्या पारीत तळायच्या आधी अंडं कसं फोडायचं ते.”

ती वाचत गेली. मी काउंटरवरून बघत होते. रमजानचा शेवटचा आठवडा होता, दुकानात शुकशुकाट. बराच वेळ नुसता माउसचा आवाज. मग तोही थांबला.

“जलीला, इकडे ये.”

शरमूलाचं पान होतं. छोट्या ईदच्या सकाळी आमच्याकडे खारवलेल्या माशाबरोबर शरमूला लागतेच: कांदा आणि मनुका ऑलिव्हच्या तेलात आटवून आटवून केलेली. घराघरातली निराळी. दागिने सुनेला गेले तरी चालतात, शरमूला मुलीकडे जाते. राफिका लग्न झाल्यापासून दर ईदला करायची आणि दर ईदला काहीतरी कमी पडायचं. काय, ते तिला सापडत नव्हतं. आईला विचारलं की आई म्हणायची, “अंदाजाने घालते गं.” बिचारी समजत होती की ते आता आईबरोबरच जाणार.

आणि इथे ते सगळं होतं. कांद्याला मीठ लावून ठेवल्यावर सुटलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच मनुका भिजवायच्या. सुक्या गुलाबकळ्या किती, कंकोळ किती, दालचिनी कधी. खाली लिहिलं होतं, ‘सासूबाईंनी माझा हात धरून शिकवलं. तीन ईद लागल्या.’

माझ्यासमोर कधी न रडलेली बाई, तेव्हाही रडली नाही. फक्त कान लाल झाले. मग तिने नाईलाची साइट कबुतरवाल्याच्या शेजारून काढली, ‘ट्युनिशियाचा स्वयंपाक’मध्ये आणली आणि वर्णन लिहिलं, ‘स्फाक्सच्या हाज्जा मनाना यांच्या पाककृती, त्यांच्या सुनेने लिहिलेल्या.’

मी म्हटलं, “आणि त्यांच्या मुलीचं काय?”

“साइटवर मुलगी कुठे आहे?” ती म्हणाली, आणि पर्स उचलली. “गाडी काढ. मला उम्मीकडे जायचंय.”

हाज्जा अंगणात जाईच्या वेलाखाली बसली होती. आतून नाईलाच्या भांड्यांचा आवाज येत होता. राफिकाने सलामही धड केला नाही.

“उम्मी, तिला शरमूला शिकवलीस?”

“हो. का, बिघडवली का तिने?”

“मला अंदाजाने म्हणालीस! तुझ्या पोटच्या पोरीला!”

हाज्जा गोंधळली. मग हसली. “अगं, तू वही घेऊन आली होतीस. मी म्हटलं मूठभर मनुका, तर म्हणालीस मूठ म्हणजे किती ग्रॅम? मी म्हटलं रंग येईपर्यंत, तर म्हणालीस कुठला रंग, नीट सांग. मला परीक्षेला बसल्यासारखं झालं. मी म्हटलं, जाऊ दे बाई, अंदाजाने.”

“आणि तिला?”

“तिने काही विचारलंच नाही. माझ्या मुठीला मूठ लावायची, नि बघायची मोठी आहे की लहान.”

राफिकाने आईसमोर आपली मूठ धरली. अगदी लहान पोरीसारखी. “मग आता मला शिकव. या ईदला.”

हाज्जाने थरथरते हात मांडीवर ठेवले. “आता मला कुठे जमतंय, बेटा. ते नाईलाच्या त्या पानावर आहे म्हणतात ना सगळं? तिथे बघ. सापडलं नाही तर तिला विचार, ती दाखवेल.”

परत दुकानाशी आल्यावर राफिका म्हणाली, “ते पान छापून दे.” मी दिलं.

ईदच्या सकाळी मी मुबारक म्हणायला गेले तेव्हा तिच्या घरभर वास दरवळत होता, आणि तो वास मी ओळखला. हाज्जाच्या घराचा वास. राफिकाने नवा झगा घातला होता, आणि ती ताटं मांडत असली तरी तिचं लक्ष मुन्सिफच्या तोंडाकडे होतं. त्याने माशाचा तुकडा शरमूलात बुडवला, खाल्ला, थांबला, पुन्हा बुडवला. डोळे मोठे झाले त्याचे.

“राफिका!” तो म्हणाला, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अगदी हुबेहूब नाईलासारखी झालीय.”