मॅडमनी मागे घेतलेली पट्टी

मागून सगळे त्यांना बुडबुडे मॅडम म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. माझ्या पीएच.डी.च्या गाईडही त्याच. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. प्रयोग चालू असला की त्या काचेच्या भांड्याला जवळजवळ नाक लावून बसत आणि पाण्यात बुडवलेल्या धातूच्या पट्टीला एखादा बुडबुडा चिकटून राहिला की भांड्याला टिचकी मारत. "जागा अडवून बसलाय मेला," म्हणत.

प्रयोग फसला की आम्ही पट्टीच्या धातूवर खापर फोडायचो. त्यांना ते खपत नसे. "धातूला नावं ठेवू नका. त्याच्यापर्यंत काय पोचतंय ते बघा." माणसांनाही त्यांचा हाच न्याय. लांब पेठहून पहाटेच्या एसटीने येणारा एक मुलगा तासाला डुलक्या घ्यायचा. सगळ्यांनी त्याला आळशी ठरवून टाकलं होतं. मॅडमनी चौकशी केली आणि खटपट करून त्याला हॉस्टेलमध्ये जागा मिळवून दिली.

मॅडमचं नाव झालं ते निकेलच्या एका खरबरीत पट्टीमुळे. क्षार घातलेल्या साध्या पाण्यात ती गुळगुळीत पट्टीपेक्षा कितीतरी जास्त हायड्रोजन द्यायची. ही त्या खरबरीत धातूचीच करामत, असं मॅडमनी शोधनिबंधात मांडलं होतं आणि त्यावर मोठा प्रकल्प मंजूर व्हायच्या बेतात होता. त्याच सुमारास मी साधी गुळगुळीत पट्टी मोटरला जोडून पाण्यात गरागरा फिरवली, आणि ती मॅडमच्या पट्टीच्या बरोबरीला आली.

मॅडमनी तो प्रयोग स्वतः करून पाहिला. मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

"म्हणजे माझी पट्टी वेगळं काहीच करत नव्हती गं. तिच्यावरून बुडबुडे लवकर सुटायचे आणि पाणी हलायचं. ताजं पाणी पोचत होतं, एवढंच."

प्रकल्प मंजूर होईपर्यंत थांबू या, असं मी सुचवलं.

"आणि मग त्या पैशातून पाणी हलवत बसू?"

त्याच संध्याकाळी त्यांनी निबंध मागे घेत असल्याचं नियतकालिकाला कळवलं. प्रकल्प गेला, लॅबला कुलूप लागलं. बरोबरीचे लोक त्यांच्यासोबत चहा प्यायलाही टाळू लागले. पुढे त्या निवृत्त झाल्या आणि आजारी पडल्या. पश्चात्ताप होतो का, असं मी एकदा विचारलं. "होतो की. रोज होतो. त्याचं काय करायचं?" एवढं बोलून त्यांनी कूस बदलली.

यंदा त्या गेल्या. मी आता त्याच कॉलेजात शिकवते, त्यामुळे शोकसभेला होतेच. व्यासपीठावर भला मोठा फ्लेक्स होता. वर मॅडमचा फोटो आणि खाली त्याच पट्टीचा आलेख. या पट्टीने कॉलेजचं नाव जगात नेलं, असं भाषण झालं. माझं डोकं फिरलं. मी उठून माईक घेतला आणि सांगितलं की हा शोध चुकीचा होता, मॅडमनी स्वतः तो मागे घेतला, आणि त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच. प्राचार्यांनी हळूच माझ्या हातातून माईक घेतला. "अशा प्रसंगी गेलेल्या माणसाच्या चुका काढू नयेत, बाळा."

फ्लेक्स आता आमच्या विभागाच्या दारात लावलाय. मला रोज त्याच्यासमोरून जावं लागतं. फोटोत मॅडम अगदी मनापासून हसताहेत. मी तो प्रयोग करायच्या आधीचा फोटो आहे तो.