वालाला रात्र हवी

उत्तराच्या परसात वाल असा माजला होता, की मागचं कुंपण दिसेनासं झालं. पानं तळहाताएवढी. एक वेल तर शेडच्या छपरावरून शेजाऱ्यांकडे उतरली होती. फूल मात्र एकही नाही. जुलै सरत आला होता.

बियाणं चौलचं होतं. वाडी विकून बाबा पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला गेले, तेव्हा घरच्या कडव्या वालाचं उरलेलं मूठभर बी त्यांनी तिच्या हातावर ठेवलं. तो वाल आता दुसरीकडे कुठेच नव्हता.

तिचा विचार साधा होता. वाल थंडीचं पीक. भात कापला की पेरायचं, दवावर वाढवायचं. फोरबर्ग या डच गावातला उन्हाळा म्हणजे चौलची थंडीच. मेमध्ये तिने ती मूठ जमिनीत रिकामी केली.

"सगळं पेरलंस?" बाबांनी फोनवर विचारलं होतं. "अगं, पेरणारा माणूस चार दाणे मागे ठेवतो."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"हे सांगायचं असतं का?"

फूल येईना म्हणून तिने खत घातलं. पानं आणखी मोठी झाली. नवऱ्याने, विनायकने, गार वाऱ्याला दोष दिला आणि वेलांना पांढरं कापड गुंडाळलं. पावसाने ते चिखलात लोळवलं.

"पानांचीच भाजी कर आता," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला डबा मिळाला नाही. त्याने ऑफिसात पाव आणि चीज खाल्लं.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अकरा वाजून गेले होते. त्यांना झोप येत नव्हती. तिने फोन वालाकडे वळवला.

"दुपारची घरी कशी तू?"

"दुपार कुठली, बाबा. संध्याकाळचे आठ होतील आता."

"एवढं ऊन?"

"जूनमध्ये तर दहापर्यंत असतं."

"चैन आहे बुवा तुमची."

फोन ठेवून ती तिथेच उभी राहिली. चौलला वाल फुलायचा तेव्हा सहा वाजताच अंधार पडायचा. थंडीचा विचार तिने केला होता. रात्रीचा केलाच नव्हता. तिने इंटरनेटवर शोधलं. रात्र मोठी झाल्याशिवाय असा वाल फुलत नाही, हे लगेच सापडलं. मेमध्येही सापडलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी पाचला, हाताला येईल तेवढा वाल काळ्या ताडपत्रीखाली झाकू लागली. सकाळी कामाला बसण्याआधी उघडायची. शेजारचे म्हातारे यान कुंपणावरून बघत होते.

"आजारी आहे का?" त्यांनी डचमध्ये विचारलं.

"नाही. झोपवतेय."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

सप्टेंबरात पांढरी फुलं आली. पाठोपाठ आठवडाभर वारा आणि पाऊस. बहुतेक फुलं गळली. दोन शेंगा धरल्या. ऑक्टोबर संपत आला तरी त्या हिरव्याच.

"दोन शेंगांचं बिरडं करणार का?" विनायकने विचारलं.

रात्री दव गोठणार असं हवामानखात्याने सांगितलं, तेव्हा तिने वेल मुळापासून कापली आणि हीटरशेजारी उलटी टांगली. शेंगा वाळल्या. आत पाच दाणे निघाले, सुरकुतलेले, हातात वजनच न लागणारे.

तिने ते बाबांना दाखवले. "जीव असेल का यांच्यात?"

"पेरल्याशिवाय कसं कळणार?"

"आणि नाही उगवले तर?"

बाबा म्हणाले, "राख चोळून ठेव. कीड लागायची नाही."

"राख कुठून आणू? घरात इंडक्शन आहे."

"एवढा मोठा देश, आणि चिमूटभर राख नाही?"

यान यांच्याकडे बार्बेक्यू होता. पावसाने त्यांना तो फारसा पेटवूच दिला नव्हता. तळाशी वाटीभर राख होती, ओली. उत्तराने ती ओव्हनमध्ये वाळवली, आणि एकेक दाणा चोळून स्टीलच्या डबीत टाकू लागली. चार मागे ठेवायचे, तर पेरायला एकच उरत होता.