चौकटीवरची पितळी नळी

रूबेनभाऊ चेऊलकरांना मी स्क्रूड्रायव्हर घेऊन वसतिगृहाच्या दारात पाहिलं, ती तारीख डायरीत आहे: १४ जून, सकाळी सव्वासात. बोटभर पितळी नळी ते चौकटीवर तिरकी बसवत होते. मग त्यांनी तिला स्पर्श केला आणि बोटं ओठांना लावली. माझ्या कॉन्व्हेंटात सिस्टर्स दाराशी पवित्र पाण्यात बोट बुडवायच्या, पण त्या सगळ्यांसमोर. हे कोणी नसताना चाललेलं मला आवडलं नाही.

घर त्यांचंच. आजोबा रेवदंड्याहून धुळ्याला आले आणि तेलाचा घाणा टाकला. ज्यू माणसं, शनिवारी घाणा बंद; म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. वडिलांनी धरणगावला सरकीच्या तेलाची गिरणी काढली, जळगावात हे घर बांधलं, गावाला दवाखाना दिला. भावंडं इस्राएलला गेली. एकटे राहिलेले रूबेनभाऊ गेल्या वर्षी घर मुलींच्या वसतिगृहाला देऊन मागच्या दोन खोल्यांत राहायला गेले. मी देखरेख समितीवर. फुकट घर देण्यामागे यांचा हेतू काय, हे मी तेव्हापासून शोधत होते.

"अक्का, त्यामा कॅमेरा शे," स्वयंपाकाच्या शेवंताबाई म्हणाल्या. "बठ्ठ्या पोरी तेच म्हणतस."

आठवड्यात बातमी फैजपूरला पोचली. तिथली मयुरी आमच्या वसतिगृहात, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला; तिचे वडील हितेंद्र गाडी घेऊनच आले. "सामान भर. झालं तेवढं शिक्षण पुरे."

मी रूबेनभाऊंना बोलावलं. त्यांनी नळी काढून उघडली. आत चामड्याची बारीक गुंडाळी, तिच्यावर हिब्रू अक्षरं.

"मेझुझा. आमच्यात राहत्या घराच्या दाराला असते. रंगकामात निघाली होती, ती परत लावली. खरं तर घर दिलं तेव्हाच न्यायची. पण मुली राहणार, म्हटलं असू दे राखणीला."

"काय लिहिलंय?" हितेंद्रनी विचारलं.

"देव एक आहे. पुढचं मला वाचता येत नाही."

"स्वतःला वाचता येत नाही, आन् आमच्या पोरींच्या दाराला लावता?"

"बाबा, आपल्या गाडीला लिंबू-मिरची आहे, ती कोणी वाचली?" मयुरी म्हणाली.

"तू गप बस!"

रूबेनभाऊ हितेंद्रकडे वळले. "ही नसली तर मुलगी राहील?"

"राहील."

त्यांनी गुंडाळी आत सरकवली, नळी रुमालात बांधली आणि मागच्या खोल्यांकडे गेले. हितेंद्रची गाडी रिकामी परतली. मयुरी वर निघून गेली.

सगळे पांगल्यावर मी चौकटीतल्या स्क्रूच्या दोन्ही भोकांत काडी घालून पाहिली. आत वायर नव्हती, लाकूडच होतं.