पायडलला बांधलेली चप्पल

अनवाणी जायचा नियम पायी जाणाऱ्यांचा, तो सायकलवाल्यांना कोणी लावला? मंडळाच्या फळ्यावर लिहिते, सगळ्यांनी वाचा.

चैत्रात धुळ्याहून सप्तशृंगी गडावर सायकली न्यायच्या, म्हणून आज भर दुपारी सगळ्यांनी लळिंग घाट चढायचा सराव केला. आमच्या ह्यांच्या पायडलचं रबर गेलेलं. लोखंड तापून तळव्यांना फोड आले.

मी जुनी रबरी चप्पल कापून पायडलला बांधली. मंडळाचे आबा बघून म्हणाले, "वहिनी, चप्पल चालणार नाही. नवस मोडतो."

"आबा, पायमा कोठे शे? पायडलले शे!"

"मग त्यांनी एसटीनं यावं."

ह्यांचा नवसच सायकलीनं जायचा आहे. पायडलला चप्पल चालते का नाही, शुक्रवारपर्यंत इथंच खाली लिहा.