ज्याचा त्याला रामराम

लहानपणी मला वाटायचं, आमच्या किराणावाल्या शेटजींचं नावच जिनेंद्र आहे. बाबा त्यांच्या दुकानासमोरून जाताना रोज हात जोडून 'जय जिनेंद्र' म्हणायचे, शेटजी आतून 'रामराम' म्हणायचे. एकदा मला साखर आणायला पाठवलं, तर भर गिऱ्हाइकांत मी 'जिनेंद्रकाका, पावशेर साखर द्या' म्हणून मोकळी झाले. शेटजी पोट धरून हसले, वर लिमलेटची गोळीही दिली. आमच्या घरात अजून त्यांचं तेच नाव चालतं.

आमचं गाव तालुक्याचं नाही, पण बाजाराचं आहे. चिखली-जालन्याकडच्या गाड्या थांबतात, म्हणून आम्ही स्वतःला शहरातले समजतो. वेशीकडे कुणबी, मराठे आणि माळ्यांची घरं, ओढ्याच्या अंगाला बौद्ध वस्ती, मशिदीमागे बागवान आणि पिंजारी, पेठेत मारवाडी जैन, एक गल्ली महानुभावांची आणि वर माळावर बंजाऱ्यांचा तांडा. आम्ही शिंपी, म्हणजे कुठल्याच गल्लीत आमचा जोर नाही. लग्नं ज्याची त्याच्यात होतात, मयतीची जागाही ज्याची त्याची वेगळी. उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण एक रीत मात्र गावात जुनी आहे. रस्त्यात भेटल्यावर आपला नमस्कार करायचा नाही, समोरच्याचा करायचा. मुसलमानाला सलाम, बौद्धाला जय भीम, महानुभावाला दंडवत, तांड्यावरच्याला जय सेवालाल. आणि तो उलट तुम्हाला तुमचा देतो. पुण्यात मी सगळ्यांना सरसकट 'नमस्कार' म्हणते आणि कुणाचं काही बिघडत नाही, पण ते मला नेहमी तयार कपड्यांसारखं वाटतं, कुणाच्याच अंगाला नीट न बसणारं.

बाबांचा या बाबतीत कधी कुणाला हात धरता आला नाही. पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान. ओट्यावर खुर्ची, आत आईची मशीन. लांबून चालत येणारा माणूस बघूनच त्यांच्या तोंडात त्याचा रामराम तयार असायचा. एकदाही चुकले नाहीत, आणि हे ते स्वतःच सांगायचे, विचारलं नाही तरी.

या रितीला गावात एकच माणूस अपवाद होता. भाऊसाहेब. मोठी शेती, पांढरं धोतर, आवाज खणखणीत. बाकी सगळ्यांना ते ज्याचं त्याला द्यायचे, सलामसुद्धा अगदी तब्येतीत करायचे. फक्त 'जय भीम' त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही. बाबांचे जिवलग मित्र म्हणजे ओढ्याकडच्या बौद्ध वस्तीतले गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. ते आणि भाऊसाहेब लहानपणी एकाच वर्गात होते. गुरुजी त्यांना नेमाने 'रामराम' घालायचे आणि भाऊसाहेब 'हं' म्हणून पुढे जायचे. गुरुजी यावर कधी बोलले नाहीत. मला मात्र त्या 'हं'चा फार राग यायचा, अजूनही येतो.

मागच्या उन्हाळ्यात बाबांना लकवा झाला. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलं. मी पुण्याहून आले ती राहिलेच. हाताला हळूहळू जोर आला, बोलणंही आलं, पण शब्द एकमेकांच्या जागी बसायला लागले. पाणी हवं असलं की 'चहा' म्हणायचे, पंख्याला 'दिवा' म्हणायचे. आम्ही समजून घ्यायचो. मग गुरुजी भेटायला आले. बाबांचा चेहरा फुलला, डावा हात कपाळाला नेऊन ते स्पष्ट म्हणाले, "सलाम वालेकुम!"

गुरुजी क्षणभर गोंधळले, तेवढंच. पण बाबांनी ते पाहिलं. काय झालं ते त्यांना कळलं आणि ते लहान मुलासारखे रडले. त्या दिवसापासून त्यांनी घराबाहेर पाय टाकायचं बंद केलं. डॉक्टर म्हणत होते, लोकांत बसवा, बोलू द्या, घरात कोंडून राहिले तर आहे तेही बोलणं जाईल. पण बाबा दाराशी कुणी आलं की भिंतीकडे तोंड करायचे. आयुष्यभर ज्याची शान मारली तेच हातातून गेलं होतं. मला भीती वाटायची की हा माणूस आता असाच गप्प होत होत संपणार.

शेवटी गुरुजींनीच हिय्या केला. एका बाजाराच्या दिवशी रिक्षा घेऊन दारात उभे. "ऊठ बे," ते म्हणाले, "घरात बसून काय अंडी उबवून राह्यला का? चाल दुकानात." बाबांनी मान हलवली. "मी चुकतो," एवढंच म्हणाले. "चुक ना मंग. कोनाच्या बापाचं जाऊन राह्यलं?" आई आधीच पदर खोचून रिक्षात बसली होती. बाबांचा निरुपाय झाला.

ओट्यावर त्यांना खुर्चीत बसवलं, शेजारी गुरुजी. समोर गाद्या भरणारे पिंजारी चाचा कापूस झटकत उठले आणि मोठ्याने 'रामराम, भाऊ' म्हणाले. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, ओठ हलले, आणि निघालं काय, तर 'जय जिनेंद्र'. पण चाचांनी पापणीसुद्धा हलवली नाही. "जय जिनेंद्र, भाऊ! चहा सांगू का?" असं म्हणून ते परत कापसात बसले. मग बाजार सुरू झाला. तांड्यावरच्या बाईला दंडवत मिळाला, तिनं दंडवत परत दिला. शेटजींना सलाम मिळाला, त्यांनी हसत कपाळाला हात लावला. ज्याला जे मिळेल ते तो घेत होता आणि तेच परत देत होता. आधी कुणी काही ठरवलेलं नव्हतं. बाबा खुर्चीत जरा सैल होऊन बसले.

दुपारी भाऊसाहेब आले, नातवाचा पायजमा उसवला होता तो घेऊन. "कसं काय, मास्टर?" ते बाबांना म्हणाले. बाबांनी मोठ्या उत्साहाने हात उचलला.

"जय भीम, भाऊसाहेब!"

आईची मशीन थांबली. चाचांच्या हातातला कापूस हातातच राहिला. गुरुजींनी रस्त्याकडे बघायला सुरुवात केली. भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला, आणि आता ते 'हं' म्हणतील, एवढंच मला दिसत होतं. ते 'हं' ऐकलं असतं तर बाबा पुन्हा कधी ओट्यावर आले नसते. बाबा हात तसाच वर धरून वाट बघत होते. मग त्यांचा चेहरा उतरत चालला. काहीतरी चुकलंय, हे त्यांना कळायला लागलं होतं.

"जय भीम," भाऊसाहेब म्हणाले. हळू, पण म्हणाले. आणि वळून तरातरा निघूनही गेले.

"भाऊसाहेब, पायजमा राह्यला ना!" आई मागून ओरडली. पायजमा त्यांच्या काखेतच होता, दाखवायचंच विसरले होते.

गुरुजी बाबांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "माह्या वाट्याचा त्याले देऊन टाकला का बे?" बाबा हसले, आजारानंतर पहिल्यांदाच. संध्याकाळी मी गुरुजींना विचारलं, तुम्हाला काय वाटलं? ते म्हणाले, "त्यानं म्हनलं म्हनून माहा जय भीम काही मोठा नाही झाला, पोरी. पन आयकाले बरं वाटलं. खोटं कायले सांगू?"

पावसाळाभर बाबा रोज ओट्यावर बसले. दिवाळीपर्यंत शब्द एकेक करून आपल्या जागी आले. पाणी पाणी झालं, पंखा पंखा झाला. चाचांना सलाम मिळायला लागला, तर तेच कुरकुरले, "मले आता सवय झाली होती ना, भाऊ." गुरुजींचा जय भीम गुरुजींना परत मिळाला. सगळं सुधारलं, फक्त भाऊसाहेबांचं तेवढं राहून गेलं. ते दिसले की बाबा अजून हात उचलून 'जय भीम' म्हणतात. भाऊसाहेबही 'जय भीम' म्हणतात, आता तर लांबूनच.

मी पुण्याला निघाले त्या सकाळी बाबा सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. मी म्हटलं, "बाबा, सगळ्यांचं नीट जमतं तुम्हाला. भाऊसाहेबांचंच काऊन चुकतं?"

त्यांनी सुई उजेडात धरली. दोरा एकदा हुकला, दुसऱ्यांदा गेला.

"चुकते," ते म्हणाले. "तेवढं चुकू दे."